सोमजाईचा डावा खांदा

‘वहिनी बसल्यात तिथं,’ पाष्टे कंत्राटदार दबक्या आवाजात म्हणाला.

‘बसू देत. बारा वाजेपर्यंत त्या बोलत नाहीत,’ भिकूभावोजींनी सांगितलं. ‘लिहून दाखवत नाहीत, की खुणा करत नाहीत. नेम हाय त्यांचा.’

‘पण ऐकू येतं ना?’

‘ऐकू येऊन कोणाचं काय बिघडणार आहे?’ असं म्हणून मुंबईचे म्हादलेकर माझ्यापासून चार हातांवर, देवीसमोरच्या दगडी कट्ट्यावर, रुमाल अंथरून बसले. दोघं त्यांच्या दोन बाजूंना टेकले.

मी समईला चिंच लावून घासत होते. घासत राहिले.

शिमगा होऊन तीन दिवस झाले होते. आमच्या कोंडसरी गावची सोमजाई राईत बसते. चारी बाजूंनी गच्च झाडी आणि मध्ये दगडी चौथऱ्यावर हातभर उंचीची काळी शिळा. वर छप्पर नाही. माझे यजमान तिचे गुरव होते. ते गेल्यावर पूजा धाकट्या दिराकडे, म्हणजे भिकूभावोजींकडे गेली. दिवा मात्र माझ्याकडे राहिला. सकाळी समई घासायची, वाती करायच्या, दिवा लावायचा, आदल्या दिवसाचं निर्माल्य उचलून पऱ्यात, म्हणजे राईतल्या ओढ्यात, सोडायचं. एवढ्याशा कामात कोणाला मान दिसत नाही, म्हणून ते कोणी मागितलंही नाही.

‘हे बघ भिकू, कौल उजवाच पडला पाहिजे,’ म्हादलेकर म्हणाले. ‘मी झाडांवर नंबर टाकून बसलोय. दीड वाजता आमच्या गाड्या सुटतात. नंतर गणपतीपर्यंत कोणी फिरकत नाही.’

‘कौल देवी देते, साहेब. मी नुसती पाकळी लावतो.’

‘मग अशी लाव की देवीला सोपं जाईल,’ पाष्टे म्हणाला.

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि भावोजींच्या गुडघ्यावर ठेवली. भावोजींनी ती उघडून नाकाला लावली.

‘मेण हाय ह्ये. कुठलं?’

‘बेहड्यावरचं पोळं परवा काढलं ना आमच्या माणसांनी.’

‘राईतलं? देवीला विचारल्याशिवाय?’

‘आता दहा वाजता विचारणारच आहेस की. सगळं एकदम विचारून घे.’

म्हादलेकर हसले. भावोजी हसले नाहीत, पण पुडी त्यांनी परतही दिली नाही. कौल म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाणी लावून देवचाफ्याची एकेक पाकळी चिकटवतात आणि वाट बघतात. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. डाव्या पाकळीखाली बोराएवढं मेण दाबलं, की ती पडायचं नाव घेणार नाही. मग उजवी आज ना उद्या पडतेच. देवीला होकाराशिवाय दुसरं काही म्हणताच येणार नाही, अशी सोय झाली.

‘एवढ्यासाठी देवीला फसवायचं म्हणजे…’ भावोजी पुटपुटले.

‘फसवायचं कोण म्हणतंय?’ म्हादलेकरांचा आवाज मऊ झाला. ‘पावसात भिजते बिचारी. आपण तिला डोक्यावर छप्पर देतोय, फरशी देतोय. आणि कमानीवर नाव कोणाचं येणार? “मुख्य पुजारी, भिकाजी लक्ष्मण गुरव.” ग्रॅनाइटमध्ये.’

भावोजींनी पुडी कमरेला खोचली. माझ्या हातातली समई एवढी लखलखीत झाली होती की त्यात तिघांचीही तोंडं दिसत होती. जरा लांबट दिसत होती, पण ओळखू येत होती.

*

राईबद्दल दोन शब्द सांगते. आजेसासऱ्यांच्या वेळी कोळसेवाल्यांनी आजूबाजूचे सगळे डोंगर तासून नेले, तेव्हा एवढी राई तेवढी उरली. गावकऱ्यांची थोरवी म्हणून नव्हे. पहिला घाव घालायला अख्ख्या पंचक्रोशीत माणूस मिळेना, म्हणून. भीतीने का होईना, झाडं राहिली. त्यांच्या पोटातून पऱ्या वाहत राहिला आणि तीन वाड्यांचे हंडे भरत राहिले. पुढे नेम पडत गेले. राईत पायताण घालायचं नाही. कोयता आणायचा नाही. पडलेली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी बाहेर न्यायची नाही. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत रोज एका घराची पाळी. त्या घराने राईच्या बाहेरून दोन हात रुंदीची जाळरेषा झाडून ठेवायची, म्हणजे डोंगरावरचा वणवा आत शिरत नाही. आतला पाला मात्र कोणी हलवायचा नाही. तो देवीचा.

माझे यजमान सात वर्षांपूर्वी अशाच एका पाळीच्या सकाळी गेले. झाडू घेऊन निघताना त्यांनी चहा मागितला. माझे हात पिठात होते. ‘हवा असेल तर करून घ्या,’ असं मी म्हटलं. रोज म्हणावं तसंच. ते तसेच गेले आणि जाळरेषेवरच कोसळले. आमच्या संसारातलं माझं शेवटचं वाक्य हे. तेव्हा मी सोमजाईपुढे नेम घेतला, बारा वर्षं दुपारी बारापर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. पहिल्या वर्षी मी दूधवाल्याशी हातवारे करून भांडायचे. मग माझ्याच लक्षात आलं की हे बोलणंच आहे, तेव्हा खुणाही सोडल्या. लिहून सांगणंही सोडलं. पळवाट दिसली की मी ती स्वतःच बुजवत गेले. व्रत करणाऱ्या बाईला तेवढीच काय ती करमणूक असते.

आणि आता ही समिती. ‘सोमजाई देवराई संवर्धन, संगोपन व सुशोभीकरण समिती’ गेल्या गणपतीत मुंबईत एका हॉलमध्ये स्थापन झाली. म्हादलेकर अध्यक्ष. तिकडे कुठल्याशा कंपनीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसाला गावाची माया येते, तशी त्यांना आली. राई वाचवायची तर ती लोकांना दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दिसायला झाडांची अडचण. म्हणून संवर्धनाचा पहिला टप्पा म्हणून एकतीस झाडं काढायची. त्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घालून झाले होते. त्या जागी सभामंडप, गाड्या लावायला फरशी, बाकडी आणि मुलांना निसर्गाची ओळख व्हावी म्हणून सिमेंटचे प्राणी. कंत्राट पाष्ट्याकडे. एकतीस झाडांचं लाकूड कुठे जाणार, हे कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही आपणहून सांगितलं नव्हतं.

एक नंबर बेहड्याला होता. चार माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी दर उन्हाळ्यात स्वतःला चिणून घेते. भोक मातीने लिंपून टाकते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत आत बसून राहते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. बघायला येणारे शहरी लोक तोंडात बोट घालायचे. आमच्या वाडीतल्या बायकांना त्यात विशेष काही वाटायचं नाही. भरवतो, एवढंच नवल. आत्ताही ती आत होती. समितीच्या नकाशात बेहड्याच्या जागी सिमेंटचे दोन धनेश दाखवले होते, नर आणि मादी. दोघंही बाहेर.

*

तिघं उठून गेले तेव्हा आठ वाजले होते. थोड्या वेळाने भावोजी एकटे परत आले. त्यांनी देवीला स्नान घातलं, तेल लावलं, मग माझ्याकडे पाठ करून डाव्या खांद्यावर अंगठा बराच वेळ दाबून धरला. वळले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या मनात काही असंल तर बारानंतर बोला.’

बारानंतर. दहाला कौल, साडेदहाला निकाल आणि अकराला करवत. माणसं कडेच्या आंब्याखाली दोऱ्या घेऊन बसलेली मी येताना पाहिली होती.

मी चौथऱ्यावर बसून वाती वळायला घेतल्या. बोलावं तर सात वर्षांचा नेम मोडतो, आणि तो ज्याच्यासाठी घेतला तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, चहा न घेता निघालेला. न बोलावं तर त्याने झाडून राखलेली राई जाते. उठून मेण खरवडून टाकावं तर कौलाआधी देवीच्या अंगाला गुरवाशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा तिसरा नेम. मी नेमांची बाई. माझ्या चारी बाजूंना नेमच नेम होते आणि मी त्यात बेहड्यातल्या मादीसारखी लिंपून बसलेली होते. फरक एवढाच की मला फळं आणून देणारं कोणी नव्हतं.

मग मी रोजच्यासारखा दिवा लावला. समई देवीच्या उजव्या हाताला ठेवायची ही सासूबाईंनी दाखवलेली जागा. त्या दिवशी मी ती डाव्या हाताला ठेवली. खांद्यापासून चार बोटांवर. पाच वाती लावल्या, जाड वळलेल्या, तेल काठोकाठ. ज्योती खांद्याच्या बरोबर उंचीला आल्या. मग पदर सावरून मी बाजूला बसले. दिवा कुठे ठेवायचा याबद्दल माझा काही नेम नव्हता.

*

साडेनऊपासून माणसं जमायला लागली. चाकरमानी पायताणं राईच्या तोंडाशी काढून पाय चटचट उचलत येत होते, कारण पाल्यात काटे असतात हे मुंबईत विसरायला होतं. खालच्या वाडीची सरूआत्या काठी टेकत आली आणि माझ्याजवळ बसली. तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं, पण ती सुईण, गावातला प्रत्येक पुरुष तिने उघडा पाहिलेला होता आणि ते ती प्रसंगी बोलून दाखवायची.

म्हादलेकर कट्ट्यावर चढले. त्यांच्या हातात छापील पत्रक होतं.

‘बंधुभगिनींनो, निसर्ग ही आपली आई आहे. आईला आपण नीटनेटकं ठेवायला नको का?’

‘तुजी आय माज्या शेजाराला ऱ्हाते, म्हादल्या,’ सरूआत्या बसल्या जागेवरून म्हणाली. ‘तिच्या छप्पराचं दोन पत्रं गेल्या पावसात उडालं. आदी तिला नीटनेटकी कर.’

मागे कोणीतरी खोकल्यात हसू दडवलं. म्हादलेकरांनी पत्रकाचं पान उलटलं.

‘आपण देवीच्या इच्छेविरुद्ध काहीही करणार नाही. आपण लोकशाही मानणारी माणसं आहोत. म्हणून कौल. उजवा पडला तर काम आजच सुरू. डावा पडला तर,’ इथे ते थांबले आणि पाष्ट्याकडे बघून गोड हसले, ‘तर समिती बरखास्त. शब्द देतो.’

‘उजवा म्हंजी कोनाचा रं?’ सरूआत्याने विचारलं. ‘देवीचा का तुजा? मागनं भांडान नको.’

‘देवीचा, आत्ये.’

‘समद्यांनी आयकलं ना?’

सगळ्यांनी ऐकलं होतं. भावोजी ओल्या धोतराने पुढे आले. त्यांनी देवचाफ्याच्या दोन पाकळ्या परातीतून उचलल्या, पाण्यात बुडवल्या, एक उजव्या खांद्याला लावली आणि एक डाव्या. डावी लावताना समईकडे त्यांची नजर गेली. मला वाटलं, संपलं. पण दिवा म्हणजे मी आणि मी म्हणजे न बोलणारी. तिथे थांबण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. ते हात जोडून गाऱ्हाणं घालू लागले.

‘हे माते सोमजाई, बारा वाड्यांच्या धनिनी, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायेत…’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले.

‘तुला छप्पर नाय, तुझ्या अंगणात उजेड नाय, त्ये करावं असं लेकरांच्या मनात हाय…’

‘व्हय म्हाराजा.’

‘तुझ्या मनात असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे, पन लेकरांना फसवू नको…’

‘व्हय म्हाराजा,’ पाष्टे सर्वांत मोठ्याने म्हणाला.

मग वाट बघणं सुरू झालं. फाल्गुनातला उकाडा, वारा नाही. दहा मिनिटं गेली. उजवी पाकळी ओल्या दगडाला गच्च चिकटलेली. वर बेहड्यावर पंखांचा मोठा आवाज झाला, फाटक्या शिडातून वारा जावा तसा. नर आला, भरवून गेला. म्हादलेकरांनी घड्याळ पाहिलं. मग ते सहज उठले, देवीच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले आणि पत्रकाने वारा घेऊ लागले.

‘फार उकडतंय,’ ते म्हणाले.

‘मंग सोताच्या तोंडावर घे की वारा,’ सरूआत्या म्हणाली. ‘देवीच्या उजव्या खांद्याला घाम आलाय का?’

आता हसू कोणी दडवलं नाही. म्हादलेकर जागेवर येऊन बसले.

मी समईकडे बघत होते. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं बघायचं. सात वर्षांत मला ते चांगलं जमायला लागलं होतं. डाव्या पाकळीचा वरचा काठ सुकून किंचित वळला होता. तिच्याखालून तेलासारखी एक रेघ चमकली आणि दगडावरच्या तेलात मिसळली. पाकळी कणभर खाली सरकली. थांबली. पुन्हा सरकली.

आणि पडली.

पाकळी चौथऱ्यावर पालथी पडली होती. मी पुढे झाले. देवीपुढचं उचलणं हे माझंच काम, त्यात कोणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. पाकळी उचलून मी मूठ मिटली. तिच्या पाठीला चिकटलेली मेणाची मऊ, कोमट गोळी माझ्या तळव्यावर पसरली.

भावोजींना मी त्याआधी बत्तीस वर्षं ओळखत होते. त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. ते देवीजवळ गेले, डाव्या खांद्यावर बोट फिरवलं. तिथे तेल होतं, रोजच्यासारखं. मेण नव्हतं. त्यांनी बोट डोळ्यांसमोर धरलं, अंगठ्यावर घासून पाहिलं. मग ते चौथऱ्यासमोर आडवे पडले.

‘पुन्हा लावा,’ म्हादलेकर म्हणाले. ‘तीनदा लावतात. तीनपैकी दोन.’

भावोजी उठले नाहीत.

‘भिकू, ऊठ. गाड्या आहेत आमच्या.’

‘तुमी जा,’ भावोजी जमिनीला तोंड लावूनच म्हणाले. ‘पाया पडतो, साहेब, तुमी जा. तुमाला ठाव नाय काय झालं त्ये. मला ठाव हाय.’

पाष्ट्यालाही ठाऊक होतं. तो पांढराफटक पडला होता. मेण त्याने स्वतः आणलं होतं, दाबताना झाडाआडून पाहिलं होतं. पायताणं हातात घेऊन तो राईबाहेर जो गेला, तो थेट डांबरी रस्त्याला लागल्यावर पायात घालायला थांबला, असं पुढे सरूआत्या सांगायची. ती मात्र जागची हलली नव्हती, त्यामुळे तिने ते कसं पाहिलं हे विचारायचं नाही.

दोऱ्यावाले बिड्या ओढून परत गेले. म्हादलेकरांची गाडी दीडला सुटायची, ती साडेअकरालाच सुटली. समिती बरखास्त झाल्याचं पत्र कधी आलं नाही, पण सिमेंटचे धनेशही आले नाहीत.

गर्दी पांगल्यावर मी पऱ्यावर गेले आणि निर्माल्य सोडलं. मेण हाताला चिकटलेलं होतं ते मातीने घासून काढावं लागलं. परत आले तर सरूआत्या चौथऱ्याशीच बसलेली. दूर शाळेत बाराची घंटा झाली.

‘आता बोल,’ ती म्हणाली. ‘समई आज डावीकडं व्हती गो.’

‘वारा होता, आत्या.’

तिने माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. बेहड्याचं एक पान हलत नव्हतं. तिने तंबाखूची चिमूट गालात धरली आणि काठी उचलली.

‘व्हता खरा,’ ती म्हणाली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, पण तो वारा पुन्हा तिच्या बोलण्यात आला नाही.

*

याला एकोणीस वर्षं झाली. माझा बारा वर्षांचा नेम यथासांग पुरा झाला, उद्यापन झालं. एक अक्षर मोडलं नाही. लोक अजून उदाहरण देतात.

आणि भावोजी? त्या दिवसापासून ते गावच्या वेशीपासून अनवाणी चालतात. कौलात त्यानंतर कधी कोणाला लबाडी करू दिली नाही, स्वतः तर नाहीच. जाळरेषेची पाळी कोणी चुकवली तर त्याच्या दारात जाऊन बसतात, उठतच नाहीत. स्वतःच्या नातवाने राईतली काठी बॅट करायला नेली, तर ती परत आणायला लावून त्याला शिळेपुढे नाक घासायला लावलं. एकतीस झाडांवरचे आकडे त्यांनी काथ्याने घासून घासून पुसले, दोन पावसाळे लागले. पऱ्याला आता मे महिन्यातही पाणी असतं. कॉलेजची मुलं वह्या घेऊन येतात, झाडांची नावं लिहून घेतात, आणि शेवटी भावोजींभोवती गोल करून बसतात.

मग ते सांगतात. काही लपवत नाहीत.

‘मी पापी मानूस,’ ते सुरुवात करतात. ‘ह्या अंगठ्यानं मी मेण दाबलं व्हतं. बोराएवढं. पाकळी पडणं शक्यच नव्हतं. नि पडली. मेण जाग्यावर नाय. कुठं गेलं? सांगा.’

मुलं एकमेकांकडे बघतात. भावोजींच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, बायका त्यांच्या पायाला हात लावतात. जो लबाडी करतो आणि कबूल करतो, त्याचं असं होतं. गावात आता त्यांच्याहून मोठा भक्त नाही, आणि ते खरंही आहे. बाकी सगळ्यांनी पाकळी पडताना पाहिली. ती पडणं शक्य नव्हतं, हे एकट्या त्यांनाच पक्कं माहीत होतं.

माझ्याजवळ कबूल करायला जे आहे, त्याने कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. मेण काढून कौल सरळ केला असता तर गोष्ट वेगळी. मी तो सरळ केला नाही. त्यांनी एका बाजूला वाकवला होता, मी दुसऱ्या बाजूला वाकवला. उजवी आधी पडली असती की डावी, सोमजाईच्या मनात त्या दिवशी काय होतं, हे आम्हा दोघांपैकी कोणीच तिला विचारलं नाही. हे मी बोलले तर भावोजी एका दिवसात म्हातारे होतील, आणि पुढच्या शिमग्याला कोणी नवा अध्यक्ष पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन येईल. म्हणून मी बोलत नाही. आता बारा वाजण्याचा प्रश्न नाही.

परवा सकाळी मी वाती करत होते. भावोजी कट्ट्यावर टेकले होते. आता त्यांना बसायला उठायला वेळ लागतो.

‘वहिनी, तुमी कधी कौल लावला नाय,’ ते म्हणाले. ‘इतक्या वर्षांत एकदाबी नाय. काय विचारायचंच नाय तुमाला?’

‘काय विचारायचं, भावोजी.’

‘तुमी व्रतं लय केलीत. उपास केलेत, मौन केलंत. रागावू नका, पन एक सांगतो. व्रतं येगळी नि इश्वास येगळा. मला तिनं दाखवलं. तुमी तिथंच बसला व्हता, चार हातांवर, नि तुमाला कायबी दिसलं नाय.’

‘नाही दिसलं,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांना माझी खरोखर कीव वाटत होती. मग मी दिवा लावला आणि समई उचलली, तसे ते म्हणाले, ‘जरा डावीकडं ठेवा की आज. तो खांदा अंधारात ऱ्हातो. तिथंच तर तिनं…’ आणि त्यांनी त्या खांद्याकडे बघून हात जोडले.

हे ते गेली एकोणीस वर्षं सांगतात. त्यांचं बाकी सगळं मी ऐकते. मी समई देवीच्या उजव्या हाताला ठेवली, खांद्यापासून चांगली दोन हात लांब, आणि वात जरा कमी केली.